ऐकणाऱ्याला धरून

रोस्मेरीचं पत्र मला मे महिन्यात मिळालं. ऑगस्ट लागला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र चार पानांचं होतं. तालुक्याच्या टपालातून ते शनिवारच्या गाडीनं वर आलं. ड्रायव्हरनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तायता आन्सेल्मो, कागदाचं पत्र! कोण गेलं?" कोणी गेलं नव्हतं. माझी भाची शहरात विद्यापीठात शिकत होती. आमच्या केचुआतून स्पॅनिशमध्ये आणि स्पॅनिशमधून केचुआत भाषांतर करायचं शिक्षण. पाचांतलं चौथं वर्ष. आमच्या वाडीत फोन लागतो तो फक्त क्रुसाच्या टेकडीवर, आणि तिथे रांगेतले सगळे कान टवकारून उभे असतात. म्हणून तिनं लिहिलं होतं. शिवाय तिला अक्षरं मी शिकवलेली. बोललेल्यापेक्षा लिहिलेलं मला बरं समजतं, हे तिला माहीत आहे.

तिनं लिहिलं होतं: "वर्गात आम्ही सव्वीस जण आहोत आणि सव्वीस जण एकच गोष्ट बोलतो. मी ज्या कचेरीत आठवड्यातून तीन दुपारी शिकाऊ म्हणून जाते तिथे गेल्या वर्षी पाच जणी भाषांतर करायच्या. आता ते मशीन करतं आणि एकटी बाई त्यातल्या चुका काढत बसते, तीही निम्म्या पगारावर. मास्तरांना विचारलं की म्हणतात, काळाबरोबर चला. कुठे चला ते सांगत नाहीत. मिलाग्रोस नर्सिंगला गेली. तियो, पाच वर्षं शिकून मी जे करणार ते फोन दोन सेकंदांत करतो. मी थांबू की सोडू? आई रडेल म्हणून तिला विचारत नाही. तुम्ही खरं सांगाल."

खरं सांगेन! मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस. माझ्याकडे एक्केचाळीस पुस्तकं आहेत, उंदरांनी खाऊ नयेत म्हणून पोत्यात घालून आढ्याला टांगलेली. त्यातल्या एकातही हा प्रश्न नाही. मी सहा वेळा लिहायला बसलो. एकदा 'धीर सोडू नकोस' असं लिहिलं. हे तर कुणीही लिहील म्हणून खोडलं. एकदा 'मशीनला मन नसतं' असं लिहिलं, तेही खोडलं. मनाला पगार कोण देतं? मग बटाटे काढायचे दिवस आले आणि मला निमित्त मिळालं.

जुलैच्या शेवटी सुट्टी लागली तशी ती आली. गाडीतून उतरली, आईच्या गळ्यात पडली, माझ्या दोन्ही हातांत आपले हात दिले. पत्राचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

घरात आम्ही दोघंच असतो, माझी धाकटी बहीण एउफेमिया आणि मी. तिचा नवरा खाणीत दरड कोसळून गेला तेव्हा रोस्मेरी तीन वर्षांची होती. तेव्हापासून शेत एउफेमिया बघते, मी तिच्या हाताखाली असतो. लोक मला त्यावरून चिडवायचे. आता चिडवणारे म्हातारे झाले.

आमच्या डोंगरात जुलै म्हणजे ऐन हिवाळा; ते दिवस चुन्यो करायचे होते. बारके बटाटे माळावर पसरायचे. रात्रीच्या हिवानं ते दगडासारखे गोठतात, सकाळच्या उन्हात मऊ पडतात. मग त्यांचे ढीग करायचे आणि अनवाणी पायांनी तुडवायचे, म्हणजे साल निघते आणि पाणी गळून जातं. मग वाळवले की वर्षानुवर्षं टिकतात. पायाखाली ते पाणी असं गार असतं की पहिल्या ढिगाला कळ पोटऱ्यांपर्यंत जाते, दुसऱ्याला पाय आपले वाटेनासे होतात.

रोस्मेरीनं बूट काढले. तिच्या टाचा शहरात गुलाबी झाल्या होत्या.

"बघा, बाईसाहेबांचे पाय," एउफेमिया म्हणाली. "लोणी लावून ठेवलेत."

"तुडवून तर बघू दे, मामिता."

"तुडव की. नाचू नकोस, नुसती नाचतेयस. टाच फिरव. तुझा तियो बघ, हाडं राहिलीत नुसती, पण टाच फिरवतो."

आम्ही तिघं कमरेला धरून तुडवत होतो. तोंडातून वाफा निघत होत्या. तिसऱ्या ढिगावर रोस्मेरी ढिगाकडेच बघत म्हणाली, "किनाऱ्यावर ब्लूबेरीच्या पॅकिंगला सप्टेंबरपासून माणसं घेतायत. चुलतबहीण आहे तिथे. ती म्हणते, ये."

एउफेमियाचे पाय थांबले नाहीत. "सुट्टीत?"

"नाही. कायमचीच."

"आणि विद्यापीठ?"

"त्याचा उपयोग नाही, मामिता. ते काम आता फोन करतो."

"कोण?"

"फोन. त्यात एक कृत्रिम बुद्धी घातलीय. केचुआसुद्धा येतं तिला."

एउफेमिया दोन पावलं तुडवून म्हणाली, "आम्हाला शाळेत केचुआ बोललो म्हणून छड्या मारल्या. आणि त्या फोनातल्याला फुकट शिकवलं होय?" मग ती ढिगावरून उतरली, पाय पुसले नाहीत, तशीच मेंढरांकडे गेली. पाठमोरी चालताना तिनं एकदा बाहीनं तोंड पुसलं.

रोस्मेरीनं माझ्याकडे पाहिलं. मी टाच फिरवत राहिलो.

चार दिवसांनी वेनान्सिओ आला. वेनान्सिओ वाडीचा अध्यक्ष, भला माणूस, पण घाईचा. आमच्या वरच्या वाडीतल्या झऱ्यातून पाट निघतो तो खालच्या वाडीपर्यंत जातो. ऑगस्टात, पेरणीच्या आधी, दोन्ही वाड्या मिळून त्यातला गाळ काढतात. यंदा पाटबंधारे कचेरीनं पाणपाळीचा करार दोन्ही भाषांत लिहून मागितला होता. स्पॅनिश कागद वकिलानं करून दिला होता. केचुआ राहिलं होतं.

"पोरी, एवढं करून दे," वेनान्सिओ म्हणाला. "रविवारी सगळ्यांपुढे वाचायचंय."

रोस्मेरी चुन्यो निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "टेकडीवर जा, तायता. फोनला सांगा. दोन सेकंद लागतील."

"खरंच?"

"माझ्यापेक्षा चांगलं करेल."

वेनान्सिओनं टोपी मागे सारली आणि निघाला. तासाभरानं धापा टाकत परत आला तो खूश होऊन. फोनवरचं सगळं त्यानं तिथेच बसून वहीत उतरवलं होतं. "काय लिहितो बेटा! आमच्या आजोबांसारखं! तायता आन्सेल्मो, तुम्ही नजर टाका. अठरा वर्षं ठरावांची वही तुम्हीच लिहिलीत."

मी चष्मा लावला. छान लिहिलं होतं. माझ्यापेक्षा छान, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. तिसऱ्या ओळीत मात्र माझी नजर अडली.

स्पॅनिशमध्ये 'आमचं' आणि 'आपलं' याला एकच शब्द आहे. केचुआत दोन आहेत. एक ऐकणाऱ्याला धरून, एक ऐकणाऱ्याला सोडून. आमच्याकडे दीड वर्षाचं मूलसुद्धा यात चुकत नाही. आईच्या ताटाला ते 'आपलं ताट' म्हणतं आणि शेजारणीपुढे 'आमचं कुत्रं' म्हणतं. आणि कागदावर लिहिलं होतं: 'आमच्या झऱ्याचं पाणी'. पुढेही सगळीकडे तेच. आमचा पाट. आमची पाळी.

हे खालच्या वाडीपुढे वाचायचं होतं.

बोटांखाली तो शब्द होता. पण मला वाटलं, वकिलाच्या कागदाला अशीच भाषा लागत असेल. मला वाटलं, मशीननं हजारो पुस्तकं वाचलीत, मी एक्केचाळीस. एकदा सभेत मी एक शब्द सुधारायला गेलो होतो, तेव्हा लोक हसले होते. त्याला तीस वर्षं झाली. मी चष्मा काढला आणि म्हणालो, "अक्षर चांगलं आहे."

रविवारी दोन्ही वाड्यांची माणसं झऱ्यापाशी जमली. टिकाव, फावडी, कुदळी. कोकाची पानं फिरली, चिचाचा, मक्याच्या दारूचा, पहिला घोट जमिनीला दिला. दुपारपर्यंत आम्ही अर्धा पाट मोकळा केला. खालच्या वाडीची पोरं आमच्या पोरांना म्हणत होती, "वर राहून हात मऊ झाले काय?" आणि आमची म्हणत होती, "तुमचा गाळ तुमच्याच तोंडात जाईल, थांबा." दरवर्षी असंच असतं. खालच्या वाडीची सातुर्निना सत्तरीची बाई, सगळ्यांचीच मामिता, पण तिच्या फावड्याशी कुणाला बरोबरी करता येत नव्हती.

जेवणाआधी वेनान्सिओ दगडावर उभा राहिला आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. आवाज मोठा, एकेक शब्द सुटा.

"आमच्या झऱ्याचं पाणी..."

कुणीतरी खाकरलं. वेनान्सिओ वाचत राहिला. कागदात तो इतका गुंतला होता की आपण काय वाचतोय हे त्याच्या कानांपर्यंत येतच नव्हतं. "आमच्या पाटातून... आमच्या पाळीनुसार..."

सातुर्निनानं फावड्याचा चिखल दगडावर पुसला. एकदा एक बाजू, मग दुसरी. मग ती उभी राहिली.

"पुन्हा वाच, अध्यक्ष. कोणाचं पाणी?"

वेनान्सिओनं कागदात पाहिलं. आता त्याला ऐकू आलं. त्याची मान लाल झाली. "मामिता, ते... मशीननं लिहिलंय."

"कुठल्या मशीननं?"

"फोनातल्या."

"असं होय. त्यानं लिहिलं आणि तू वाचलंस." तिनं पाठीवरचं फडकं आवळलं. "मग त्यालाच गाळ काढायला बोलाव. आणि त्याच्या शेतातले बटाटे कधी काढायचे तेही विचार. आमच्याकडे कुणाचं काम फुकट राहत नाही, आम्ही येऊ इर्जिकीला, कामाला काम."

कुणी हसलं नाही. खालच्या वाडीची माणसं एकेक करून उठली, हत्यारं खांद्यावर टाकली आणि न जेवता उतरून गेली. एउफेमियानं त्यांच्यासाठी उकडलेले बटाटे फडक्यात गुंडाळून ठेवले होते. ती ते फडकं धरून उभी राहिली. अर्ध्या पाटात पाणी यायला लागलं होतं, ते गाळापाशी येऊन थांबलं आणि पसरलं.

रोस्मेरीचं तोंड पांढरं पडलं होतं. "मी बघितलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "तियो, मी तो कागद एकदा बघायला हवा होता."

"मी पाहिला होता," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर तिनं माझं फावडं उचललं आणि घराकडे चालायला लागली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती, मी आणि वेनान्सिओ खाली गेलो. कोकाची पानं नेली, कालचे बटाटेही नेले. सातुर्निनानं आम्हाला बाहेरच्या कठड्यावर बसवलं आणि आत निघून गेली. कणीस सोलायचा आवाज येत होता. ऊन कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकलं. वेनान्सिओ तीनदा उठला, तीनदा बसला.

शेवटी ती बाहेर आली. वेनान्सिओ बोलायला लागला तसा तिनं हात आडवा केला. "तुझं काल ऐकलं."

मग कोण बोलणार? मी म्हणालो, "मामिता सातुर्निना, कागद वेनान्सिओनं आणला, पण वाचला मी. तो शब्द मी पाहिला होता. चूक आहे हे मला कळलं होतं. मी बोललो नाही. पोरीनं तर तो बघितलाही नव्हता."

"का?"

"मला वाटलं, मशीनला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल."

मग तिच्या तोंडाच्या कडा हलल्या. "आढ्याला एवढी पुस्तकं टांगलीस, आन्सेल्मो, आणि एक शब्द तोंडातून निघाला नाही? माणसाला गलगंड होतो असं गिळून."

रोस्मेरी खुदकन हसली आणि लगेच रडायला लागली. सातुर्निनानं तिला जवळ ओढलं. "तू कशाला रडतेस? तू तर बघितलाही नव्हतास."

"म्हणूनच, मामिता."

"मग आता बघ. पण इथे बस. आमच्यासमोर."

ती तिथेच कठड्यावर बसली. स्पॅनिश कागद मांडीवर, वही गुडघ्यावर. खालच्या वाडीची पाच-सहा माणसं जमली. ती एक ओळ वाचायची, केचुआत सांगायची आणि थांबायची. माणसांच्या तोंडाकडे बघायची. कुणाची भुवई हलली की विचारायची, "तायता, नाही पटलं का?" 'पाळी' या शब्दावर तासभर गेला. खालच्या वाडीत पाळी सूर्योदयापासून धरतात, वरच्या वाडीत पहिल्या कोंबड्यापासून. एवढ्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दरसाल त्या दोन तासांवरून भांडणं व्हायची आणि जो तो दुसऱ्याला चोर म्हणायचा. वेनान्सिओ कपाळाला हात लावून बसला. "म्हणजे इतकी वर्षं कुणीच चोरलं नाही?"

"तुम्ही चोरलं," सातुर्निना म्हणाली. "पण कमी."

संध्याकाळ झाली तेव्हा दीड पानाचा करार पुरा झाला होता. बुधवारी दोन्ही वाड्यांनी उरलेला पाट मोकळा केला. गुरुवारी खालच्या वाडीतून तीन पोरी आमच्याकडे चुन्यो तुडवायला आल्या. एउफेमियानं विचारलं, कुणी पाठवलं? म्हणाल्या, रोस्मेरीनं आमच्यासाठी एक दिवस घातला, त्याची इर्जिक.

मला वाटलं, आता ती म्हणेल, शिक्षण पुरं करते. आता तिला कळलं असेल. मी मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

शनिवारी मी तिची पिशवी घेऊन गाडीपर्यंत गेलो. ती शहरातली खोली रिकामी करायला निघाली होती. निदान पिशवी रिकामी होती, यावरून मी तसं समजलो. नाव नोंदवायची मुदत तीस तारखेपर्यंत होती, असं तिनं आदल्या दिवशी आईला सांगितलं होतं; नोंदवणार की नाही ते सांगितलं नव्हतं.

वाटेत मी जुळवलेलं वाक्य म्हणालो. "बघितलंस ना, मशीनला जमलं नाही."

"पुढच्या वर्षी जमेल, तियो," ती शांतपणे म्हणाली. "असल्या चुका गोळा करूनच तर त्याला शिकवतात. कदाचित मला तेच काम मिळेल, त्याला आमचं-आपलं शिकवायचं. मग त्यानंतर मी काय करू?"

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. आम्ही चालत राहिलो. गाडी दिसायला लागली तेव्हा ती थांबली.

"तुम्ही माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीत."

"हो."

"मी दोन महिने वाट पाहिली. मग मला वाटलं, तियोंनाही सोडावं असंच वाटतंय, फक्त लिहवत नाही. म्हणून सोडायचं ठरवूनच आले."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली, माझ्या पोंचोची घडी खांद्यावर नीट केली आणि गाडीत चढली. मी तिथेच उभा राहिलो. माझ्या गप्प बसण्याचंही कुणी भाषांतर करेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"टेकडीवर जा आणि फोन कर," एउफेमिया घरी म्हणाली.

"मला बोलता येत नाही."

"मग लिही. पण खोडलेलं चुलीत घालायला माझ्याकडे देऊ नकोस. मी पेटवणार नाही."

मी तीन दिवस काहीच लिहिलं नाही. मंगळवारी सकाळी, ती मेंढरं घेऊन गेल्यावर, दारात उन्हाला बसलो आणि लिहिलं.

"रोस्मेरी, तुझं पत्र मला मे महिन्यात मिळालं. उत्तर दिलं नाही, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. तुला काम मिळेल की नाही, मिळालं तर किती वर्षं टिकेल, हे मी सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण माहीत नाही एवढं तरी मी तेव्हाच लिहायला हवं होतं. माझं गप्प बसणं म्हणजे 'सोड' असं नव्हतं. ती माझी भीती होती. ती तुझ्यावर गेली, याची मला लाज वाटते.

त्या दिवशी सातुर्निनाच्या कठड्यावर मी तुझ्याकडे बघत होतो. तू ओळ वाचून थांबायचीस. थांबून बघायचीस. मी अठरा वर्षं ठरावांची वही लिहिली, एकदाही थांबून कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. हे तू कुठे शिकलीस? माझ्याकडे नाही. आईकडे थोडं, आणि बाकीचं विद्यापीठातच, असं मला वाटतं. त्याला पगार कोण देईल मला ठाऊक नाही. पण ते अर्धं शिकून सोडू नये.

पुरं कर. हे भविष्य नाही, माझं मत आहे. ते चुकलं तर ब्लूबेरी कुठे जात नाहीत, आणि तेव्हा मला बोल लाव, मी ऐकून घेईन. तू न पुसता जे ठरवशील तेही मला चालेल. पण तू विचारलं होतंस, म्हणून सांगितलं.

आईचे पाय फुटले आहेत. शहरातून मलम आण. तुझा तियो, आन्सेल्मो."

गाडी शनिवारी येणार होती. शनिवारपर्यंत थांबलो असतो तर मी ते नक्की फाडलं असतं. म्हणून तसाच उठलो, पाकीट पोंचोच्या आत ठेवलं आणि तालुक्याच्या गावी चालत गेलो. उतरणीचे तीन तास.

टपालाच्या खिडकीत एक तरुण बाई फोन बघत बसली होती. तिनं पाकीट उलटंपालटं केलं. "तिकिटं शोधायला लागतील, तायता. पत्र कोण पाठवतं आता?" मग खालच्या खणात वाकून तिनं बरीच खुडबूड केली आणि दोन तिकिटं काढली.

"कधी पोचेल?"

"चार दिवस. पाच धरा."

"तीस तारखेच्या आत हवं."

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग मला पाहिलं. "कुणाला आहे?"

"भाचीला. तिनं काहीतरी विचारलं होतं."

"मग आजच्याच पिशवीत टाकते. गाडी आत्ता निघेल."

तिनं शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकलं. त्याच क्षणी मला आठवलं, दुसऱ्या परिच्छेदात मी 'कठड्यावर' लिहिताना एक अक्षर विसरलो होतो की जास्त घातलं होतं. माझा हात वर गेला. बाईनं पिशवीचं तोंड आवळलं, दोरीला गाठ मारली आणि विचारलं, "आणखी काही?"

"नाही," मी म्हणालो. "जाऊ दे तसंच."